चौदा सह्या

"दोन पानांचा कागद आणि दोनशे एक्क्याऐंशी एमबी," मी म्हणाले. "गुरुजी, यात भरलंय तरी काय?"

"भरायचं काय? एक अर्ज हाय आणि खाली चौदा सह्या." सुतार गुरुजी काउंटरपुढच्या स्टुलावर टेकले आणि रुमालानं मान पुसायला लागले. "साइटवर चढंनाच. दोन एमबीच्या वर घेत न्हाई म्हणतंय. सकाळधरनं सात वेळा केलं. आज पाचला बंद होणार, वैजू."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. मार्च संपत आला होता आणि पत्रा असा तापला होता की पंखा नुसता गरम वारा फिरवत होता.

माझं दुकान तालुक्याच्या एसटी स्टँडमागं आहे. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, जे येईल ते. लोक पेनड्राइव्ह पुढं करतात आणि म्हणतात, बाई, एवढं लहान करून द्या. फाईल लहान करणं मला वरणाला फोडणी देण्याइतकं सवयीचं झालंय. आणि समोर सुतार गुरुजी असल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

चौथी झाल्यावर वडिलांनी मला घरी बसवलं होतं. गुरुजी तेव्हा आमच्या गावच्या शाळेत होते. सलग तीन रविवार ते आमच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले. वडील एक अक्षर बोलायचे नाहीत, गुरुजीही फार बोलायचे नाहीत, चहा प्यायचे आणि बसून राहायचे. चौथ्या रविवारी वडीलच वैतागून म्हणाले, "घाला बाबा हिला हायस्कुलात, पर उठा हितनं." पुढचं माझं सगळं, हायस्कूल, टायपिंगची परीक्षा, हे दुकान, त्या बसण्यातून आलेलं आहे. हे मी कधी विसरले नाही आणि त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

आता ते आंबेखिंडीच्या धनगरवाड्यावर होते. अकरा वर्षं झाली होती. डोंगरातली सात घरं, एका खोलीची शाळा, आठ पोरं. फाट्यापासून तासभर चढायचं. ऑक्टोबरात ते निवृत्त होणार होते आणि डावा गुडघा आताच निवृत्त झाल्यासारखा वागत होता.

मी फाईल उघडली. उघडायलाच तिनं मिनिटभर घेतलं. वर ठळक अक्षरांत 'पालकांचे संमतीपत्र' असं लिहिलेलं होतं. आम्ही खाली सह्या करणारे पालक, आमच्या वाडीतील शाळा पटसंख्या कमी असल्याने खालच्या गावच्या शाळेत समाविष्ट करण्यास आमची पूर्ण संमती देत आहोत.

"शाळा बंद होणार तुमची?" मी विचारलं.

"बंद न्हवं. खालच्या शाळंत मिळवायची. केंद्रप्रमुख दोन म्हैनं झालं मागं लागल्यात. सगळ्या पालकांची संमती पाहिजे, न्हाईतर यंदा ऱ्हायलं."

"आणि पालक तयार झाले?"

गुरुजी दाराबाहेर बघत होते. "तू आधी त्ये एमबीचं बघ," ते म्हणाले.

मी बघायला घेतलं. आधी नेहमीचा उपाय केला, पीडीएफ आवळणाऱ्या साइटवर टाकली. तिनं एवढी मोठी फाईल घ्यायलाच नकार दिला. मग कागदाची गुणवत्ता कमी करून पुन्हा पीडीएफ काढली. मजकूर फिकट झाला, फाईल दोनशे साठवर आली. तिसऱ्यांदा वेगळ्या रस्त्यानं काढली, तर तीनशे बारा. माझ्या दहा वर्षांच्या धंद्यात लहान करताना फाईल मोठी झालेली मी पहिल्यांदाच बघितली.

"राहू द्या गुरुजी," मी म्हणाले. "सरळ प्रिंट मारते आणि स्कॅन करते. दोन मिनिटांचं काम आहे."

प्रिंट बाहेर आली. मजकूर स्वच्छ होता. पण प्रत्येक सहीभोवती राखाडी रंगाचा चौकोन उमटला होता. चौदा सह्या, चौदा चौकोन, कुणी मळकी ठिगळं लावावीत तसे.

"हे असलं जाऊन चालायचं न्हाई," गुरुजी घाईनं म्हणाले आणि त्यांनी तो कागद उचलून आधी दोन, मग चार घड्या केल्या आणि खिशात घातला.

आता मला दुखणं कळलं. या सह्या कागदावर केलेल्या नव्हत्याच. त्या चित्रं होती, मागची बाजू काढून टाकलेली. लग्नपत्रिकेसाठी लोक गणपती असाच मागतात, मागं काही नसलेला, म्हणजे कुठल्याही रंगावर बसतो. अशा चित्राला नुसता रंग नसतो. कुठं किती आरपार दिसायचं याचा हिशेब ठिपक्याठिपक्याला धरलेला असतो, आणि तो आवळता येत नाही. माझ्या जुन्या प्रिंटरला तर तो उमगतही नाही, जिथं आरपार असतं तिथं तो राखाडी रंग ओततो. त्यात ही चित्रं मोबाईलनं काढलेली, एकेक भिंतीएवढी, आणि नंतर बोटाएवढी करून कागदावर ठेवलेली. दिसायला बोटाएवढी, वजनाला भिंतीएवढीच.

"कुणी करून दिलं हे?" मी विचारलं.

"मीच." त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता. "प्रशिक्षणात शिकवलं होतं. मोबाईलवर एक ॲप हाय, बोट फिरवलं की मागचा कागद जातो. चार दिवस बसलो होतो. चष्मा लावून एकेक कडा पुसली."

"पण मागचा कागद काढायचा कशाला? सरळ याच कागदावर सह्या घ्यायच्या."

त्यांनी पुन्हा रुमालानं मान पुसली. मी पहिल्या सहीवर क्लिक केलं आणि कोपरा धरून ती ओढली. सही मोठी होत गेली, पडदाभर झाली. निळ्या शाईत, दाबून काढलेली, पोरं काढतात तशी अक्षरं. ठकूबाई झोरे.

गुरुजी पुढं झुकले. "हिला झ काढायला पंधरा दिवस लागलं बघ," ते म्हणाले. "साक्षरता वर्ग घेतला होता मी वाड्यावर. संध्याकाळी शेरडं कोंडली की बाया यायच्या. ठकूबाईचा झ उलटाच यायचा. एक दिवस जमला, तर पाटी घेऊन घरोघर दाखवत फिरली. पहिल्यांदा बँकेत गेली तेव्हा सायबानं अंगठ्याची पेटी पुढं केली, तर म्हणाली, ती ठेवा तिकडं, मला येती."

मी ऐकत होते, पण माझी नजर सहीच्या डाव्या कडेवर होती. तिथं एक उभी काळी रेघ राहिली होती, नखाएवढी. रेघेच्या पलीकडं छापील अक्षरांचा तुकडा. मी अजून मोठं केलं. 'दूळ ४ कि.' एवढं वाचता येत होतं.

ते अक्षरवळण माझं होतं. म्हणजे माझ्याच दुकानातलं. रोगाच्या साथीत शाळा बंद होत्या तेव्हा पोरांच्या वाट्याचा तांदूळ पालकांना घरी द्यायचे आणि एका तक्त्यावर त्यांची सही घ्यायचे. तो तक्ता मीच टाइप केला होता. अनुक्रमांक, नाव, तांदूळ किलो, सही. तांदूळ आणि सही यांच्या मधल्या रेघेला मी थोडा जाड ठसा दिला होता, कारण गुरुजींनी सांगितलं होतं, बायांना चौकट नीट दिसली पाहिजे.

मी माऊस सोडला.

"गुरुजी, या तांदळाच्या सह्या आहेत."

बाहेर एसटी मागं येत होती, कंडक्टर शिट्टी वाजवत होता.

"व्हय," मग ते म्हणाले.

"त्यांना विचारलंच नाही?"

"इचारलं असतं तर न्हाई म्हणाल्या असत्या." त्यांनी चष्मा काढला. "दोन बैठका लावल्या. बाप्ये मेंढरं घेऊन गेलेलं. बाया आल्या, बसल्या, म्हणाल्या, शाळा खाली न्हेऊ नका. का, तर वाटंत ओढा हाय, पोरी धाकट्या हायत. मी बी त्येच सांगितलं वर. वरनं म्हणाले, संमती आणा."

"मग त्यांचं बरोबर आहे ना?"

"वैजू, आठ पोरं. चार इयत्ता. एक म्हातारा. सकाळी मी चढून पोचतो तवा धाप लागलेली असती. निम्मा दिवस माहिती भरायची, रेंजसाठी टेकावर जाऊन. पोरं आपली बसून ऱ्हात्यात. तिसरीच्या पोरीला वजाबाकी येत न्हाई, आणि तिचा मास्तर मी हाय. ऑक्टोबरात मी गेल्यावर वर कोण येणार हाय? कोण न्हाई येत. कुलूपच लागणार. खाली सहा मास्तर हायत, पोरांत पोरं हायत. त्येंच्या भल्यासाठीच करतोय मी. त्येंना आज कळत न्हाई, उद्या कळंल."

ते खोटं बोलत नव्हते. हे मी आजही सांगते. त्या माणसानं अकरा वर्षं तो डोंगर चढला होता, आणि त्यांना खरंच वाटत होतं की आपण पोरांचं भलं करतोय. गुडघाही दुखत होता, केंद्रप्रमुखांचा फोनही रोज येत होता. यातलं कुठलं किती होतं हे त्यांना तरी वेगळं करता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

"तुला करायचं नसंल तर नगो करू," ते म्हणाले. "मी दुसरीकडं बघतो."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. उठायला लागले, आणि गुडघ्यावर हात दाबून क्षणभर तसेच वाकून राहिले. मला आमचा सोपा दिसला. तीन रविवार न बोलता बसलेला माणूस आज पहिल्यांदा माझ्याकडं काही मागत होता.

"बसा," मी म्हणाले.

पावणेचार झाले होते. उपाय अगदी साधा होता. सही उचलायची, तिच्याखाली पांढरा रंग घालायचा, आरपारपणा काढून टाकायचा, बोटाएवढी करायची आणि साध्या फोटोसारखी साठवून परत जागेवर ठेवायची. पांढऱ्यावर पांढरं. चौकोनही उमटत नाही आणि वजनही राहत नाही. एकेका सहीला तीन-चार मिनिटं लागत होती. चौदा बायांची नावं, घरटी दोन, आई नाहीतर आजी, माझ्या डोळ्यांसमोरून गेली. झोरे, येडगे, लांबोरे, बोडके. कुणाच्या सहीत काना खाली घसरलेला, कुणी नावाखाली रेघ मारलेली.

आणि एक गोष्ट मी केली, जी गुरुजींनी मला सांगितली नव्हती. त्यांच्या ती लक्षातही आली नव्हती. ठकूबाईच्या सहीच्या कडेची ती काळी रेघ आणि 'दूळ ४ कि.' हा तुकडा मी पुसला. लहान केल्यावर तो कुणाला वाचता आला नसता, नुसता ठिपका दिसला असता. तरी पुसला. मग बाकीच्या तेरा सह्या पुन्हा मोठ्या करून बघितल्या आणि आणखी दोन ठिकाणी राहिलेल्या रेघा पुसल्या. काम हातात घेतलं की नीट करायचं, ही खोड मला गुरुजींचीच लागलेली.

साडेचारला पीडीएफ काढली. सहाशे चाळीस केबी. साइटनं एका दमात घेतली आणि हिरव्या अक्षरांत पोच दिली. गुरुजींनी पोचेची प्रिंट मागितली, ती मी दिली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार हायस," म्हणाले. पैशाचं त्यांनी विचारलं, मी घेतले नाहीत.

जूनमध्ये आंबेखिंडीची शाळा उघडलीच नाही. गुरुजींची बदली खालच्या शाळेत झाली, तिथं त्यांना चढायचं नव्हतं. मला हे स्टँडवर कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, गुडघ्याला आराम मिळेल. खताचे आणि पीक विम्याचे फॉर्म, दाखले, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती आणि मला ती नकोच होती.

जूनच्या शेवटच्या सोमवारी सकाळी एक बाई दुकानात आली. काष्टा मारलेलं हिरवं लुगडं, पायात रबरी बूट, खांद्यावर ओली घोंगडी. गर्दी ओसरेपर्यंत ती दाराशी उभी राहिली. मग तिनं कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि काउंटरवर उलगडला.

"बाई, जरा बघून सांगा की," ती म्हणाली. "तुमी रोज कागद बघतासा. तुमास्नी कळतंय."

माझंच काम होतं. सहाशे चाळीस केबी.

"तुम्ही कोण?" मी विचारलं, अंदाज आला होता तरी.

"ठकूबाई झोरे. आंबेखिंडीची." तिनं सह्यांतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही माझी सही हाय म्हणत्यात. शाळा बंद करा म्हणून मी लिवून दिलंय म्हणत्यात. मला तर असल्या कागदावर सही केलेली आठवंना. मी बैठकीत उठून न्हाई म्हटलेली. मग ही कुठनं आली?"

"तालुक्याच्या ऑफिसात विचारलं?"

"तिथनंच आले. सायेब चांगला हाय. म्हणाला, बुधवारी या. सही माझी न्हाई असं लिवून द्या, मग मी चौकशी लावतो, चौकशी हुईस्तोर शाळा उघडाय लावतो. पर म्हणाला, खोटं लिवून दिलं तर तुमच्यावर येईल. इचार करून या." तिनं घोंगडी सावरली. "वाड्यावर कोण सोबत येत न्हाई. आमचं मालक म्हणत्यात, तूच केली असशील, तुला सही करायची लई हौस. बाकीच्या बाया म्हणत्यात, सही हाय म्हंजी हाय. मला सही येती, बाई, पर एवढं सगळं वाचाय येत न्हाई. कुणी पुढं केला असंल कागद, आणि मी केली असंल का? सांगता येईना झालंय मला."

"तुमची मुलं?"

"एक पोरगी, अश्विनी. चौथीला जायाची. चार दिस गेली खाली. पाचव्या दिशी ओढ्याला पाणी आलं, बाप म्हणाला, बास झालं. आता शेरडं राखती."

मग तिनं कागद माझ्याकडं अजून थोडा सरकवला.

"तेवढं सांगा. ही सही माझीच हाय का?"

मूळची फाईल माझ्याकडं होती. काढून टाकायची राहून गेली होती, त्याच संगणकावर, 'सुतार गुरुजी' नावाच्या फोल्डरमध्ये. तिच्या बाजूला पडदा वळवून दोन वेळा क्लिक केलं असतं तर तिला तिची सही पडदाभर दिसली असती आणि कडेला तांदळाचे चार किलो. वाचता आलं नसतं तरी मी वाचून दाखवलं असतं. बुधवारी तिला एकटीला जावं लागलं नसतं.

मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. गुरुजींची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. चौकशीत पहिला प्रश्न आला असता, फाईल कुठं केली. आणि त्या पुसलेल्या रेघा मला कुणी पुसायला लावल्या नव्हत्या.

मी कागद उचलला, उजेडाकडं धरला, बघितल्यासारखं केलं.

"हो," मी म्हणाले. "सही तुमचीच आहे."

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, दुःखही नाही. कोडं सुटलेल्या माणसासारखी ती नुसती सैल झाली.

"मग मीच केली असंल," ती म्हणाली. कागद घेऊन तिनं तो पुन्हा प्लास्टिकात गुंडाळला, पण पिशवीत ठेवला नाही, काउंटरवरच ठेवून दिला. "हे टाकून द्या हितंच. बुधवारी न्हाई जात मी. उगं खोटं कशाला लिवून द्यायचं?"

ती पायरी उतरली आणि पुन्हा वळली.

"बाई, सुतार गुरुजी हितंच कुठं राहत्यात न्हवं? त्येंच्या तोंडावर लई वंगाळ बोलले मी. शाळंतल्या सगळ्या मास्तरांपुढं खोटारडा म्हटलं त्येंना. एक शबुद न्हाई बोलले ते, मान खाली घालून हुबं ऱ्हायलं. त्येंनीच मला सही शिकवली आणि मी असं बोलले. जाऊन पाय धरून येते. घर दावता का?"

मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले. पायरीवर तिच्या शेजारी उभी राहिले आणि हात लांब करून तिला रस्ता दाखवला. स्टँड ओलांडून सरळ, दूध डेअरीच्या पुढं डावीकडं, निळ्या दाराचं घर.